‘कशातून?’ एवढंच विचारा

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकला, पाचवीपासून सेमी इंग्रजीला घातला. सातवीपर्यंत ठीक चाललं होतं. यंदा पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ७ पडले. नुसती आकड्यांची गणितं तो भराभर सोडवतो, पण दोन ओळींचं इंग्रजी वाक्य आलं की पेन खाली ठेवतो. सरांनी पेपरावर ‘इंग्रजी सुधारा’ असा शेरा दिलाय. तालुक्याला ग्रामरचा क्लास आहे, तीन महिन्यांचे साडेचार हजार रुपये. मिस्टर म्हणतात, क्लास नको, सरळ परत मराठी माध्यमात घालू. मी कला शाखेतून बारावी केली. इंग्रजी वाचता येतं, पण समजावून सांगण्याइतकं येत नाही, त्यामुळे त्याला काही मदतही करता येत नाही. चुकलेली तीन गणितं आणि त्याची उत्तरं खाली उतरवली आहेत. धाकटी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तिला कुठे घालावं तेही सांगा.

१) ‘सबट्रॅक्ट ट्वाइस अ नंबर फ्रॉम ४५’ हे राशीच्या रूपात लिहा. त्याचं उत्तर : २ एक्स − ४५.
२) सहलीला १३० मुलं आहेत. एका बसमध्ये ‘ॲट मोस्ट’ ४० बसतात, तर ‘ॲट लीस्ट’ किती बस लागतील? त्याचं उत्तर : ३ बस, बाकी १०.
३) ‘द फर्स्ट बॉक्स हॅज ४८ मँगोज. इट हॅज १५ मोअर दॅन द सेकंड.’ दुसऱ्या पेटीत आंबे किती? त्याचं उत्तर : ६३.

— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

गणितं उत्तरांसकट उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. ‘मुलगा गणितात कच्चा आहे, काय करू?’ एवढ्याच ओळीची पत्रं मला येतात, आणि मग माझंही उत्तर अंदाजपंचे होतं. इथे तसं नाही. तुमच्या लेकाची तीन उत्तरं तीन वेगळ्या कारणांनी चुकली आहेत. तिन्हींना एकच लाल फुली आणि एकच शेरा मिळाला, म्हणून ती एकाच दुखण्याची वाटतात.

पहिल्या गणितापासून सुरुवात करू, कारण खरी मेख तिथे आहे.

‘ट्वाइस अ नंबर’ म्हणजे २ एक्स हे त्याला कळलंय. ‘सबट्रॅक्ट’ म्हणजे वजाबाकी हेही कळलंय. मग अडलं कुठे? त्याने वाक्य वाचलं आणि शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने चिन्हं मांडली. आधी दुप्पट दिसली, ती लिहिली. मग ४५ दिसले, ते लिहिले. मधे वजाचं चिन्ह घातलं. ‘फ्रॉम’ या एवढ्याशा शब्दाने सगळा क्रम उलटा करून ठेवलाय, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही. हवं होतं ४५ − २ एक्स.

आता हेच वाक्य मराठीत म्हणा : ‘४५ मधून एका संख्येची दुप्पट वजा करा.’ हातात पेन घ्या आणि बोलत बोलत लिहा. ४५ आधी आले, दुप्पट नंतर आली. जसं बोललात तसं लिहिलंत आणि उत्तर बरोबर आलं! हा योगायोग नाही. ‘पिंपातून दोन तांबे पाणी काढ’ असं सांगताना आपण आधी पिंप दाखवतो, मग तांबे, आणि क्रिया सगळ्यात शेवटी. इंग्रजीत क्रिया आधी येते, मग काढायचं ते, आणि कशातून काढायचं ते अगदी शेवटी. वजाबाकीच्या चिन्हांची मांडणी नेमकी आपल्या पिंप-तांब्याच्या क्रमाने चालते.

‘फाइव्ह लेस दॅन एक्स’चंही तेच. मुलं ५ − एक्स लिहितात. मराठीत ‘एक्सपेक्षा ५ ने कमी’, म्हणजे सरळ एक्स − ५. पण त्याच इंग्रजी शब्दांत एक ‘इज’ घातला आणि ‘फाइव्ह इज लेस दॅन एक्स’ झालं, की ती वजाबाकी उरतच नाही. ते झालं विधान : ५ ही संख्या एक्सपेक्षा लहान आहे. एवढ्याशा ‘इज’वर गणिताचा प्रकार बदलतो. मराठीत हा फरक ‘ने’ सांभाळतो. ‘५ ने कमी’ म्हटलं की कानाला लगेच कळतं की कुठून तरी पाच काढायचेत.

‘बाय’ आणि ‘टू’ची जोडीही अशीच फसवी. ४०० रुपयांची छत्री ‘रिड्यूस्ड बाय १००’ झाली तर ३०० ला मिळेल. ‘रिड्यूस्ड टू १००’ झाली तर दुकानात रांग लागेल. आपण म्हणू, ‘१०० ने उतरली’ आणि ‘१०० वर आली’. मराठी माणूस इथे चुकूच शकत नाही, पण इंग्रजी वाचताना मुलाची नजर ‘रिड्यूस्ड’ आणि ‘१००’ या दोन मोठ्या शब्दांवर पडते, मधलं चिटुकलं निसटतं.

आणि ‘इन्टू’! आपल्याकडे ‘फाइव्ह इन्टू थ्री’ म्हणजे पाच गुणिले तीन. शाळेत, क्लासमध्ये, किराणा दुकानातही. पण इंग्लंड-अमेरिकेतले शिक्षक ‘थ्री इन्टू ट्वेल्व्ह’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात भागाकार असतो : बारात तीन किती वेळा जातात? मुलगा मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ बघून अभ्यास करत असेल, तर हे त्याला आधीच सांगून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने अख्खा रविवार ‘बाईंचं गणित चुकलंय’ म्हणत घालवला होता.

हे सगळं इंग्रजी कच्चं असल्यामुळे होतं असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. १९८१ साली जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर केलेली एक पाहणी छापून आली. मुलांना एकच वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं : या विद्यापीठात ‘सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स ॲज प्रोफेसर्स’ आहेत. विद्यार्थ्यांसाठी एस, प्राध्यापकांसाठी पी. ३७ टक्के मुलं चुकली, आणि त्यातल्या बहुतेकांनी लिहिलं ६ एस = पी. म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या सहापट! ही मुलं इंग्रजी बोलणाऱ्या देशात शिकून इंजिनीअरिंगला पोचलेली होती. ‘सिक्स’ला लागून ‘स्टुडंट्स’ आलं, म्हणून ६ ला लागून एस लिहिला गेला. तुमच्या लेकाची चूक याच घराण्यातली आहे. मराठीत म्हणा, ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी’. प्राध्यापक, गुणिले सहा, बरोबर विद्यार्थी. इथेही बोललं तसं लिहिलं की जमलं.

मला मराठीची आणखी एक गोष्ट फार आवडते, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणजे ‘ऊन’. करून, मिळवून, भागून यातला ‘ऊन’. आठवीत कंस कुठे घालायचा हा मुलांचा मोठा घोळ असतो. ‘थ्री टाइम्स द सम ऑफ अ नंबर अँड ४’ आणि ‘द सम ऑफ थ्री टाइम्स अ नंबर अँड ४’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. शब्द तेच, नुसते जागा बदलून बसलेले, पण एक आहे ३(एक्स + ४) आणि दुसरं ३ एक्स + ४. मराठीत पहिलं असं येईल : ‘एका संख्येत ४ मिळवून येणाऱ्या उत्तराची तिप्पट.’ दुसरं असं : ‘एका संख्येच्या तिपटीत ४ मिळवले.’ पहिल्यात ‘मिळवून’ आला, म्हणजे मिळवण्याचं काम आधी उरकायचं, बाकीचं नंतर. जिथे ‘ऊन’ तिथे कंस. मी वर्गात हे सांगायला लागल्यापासून कंसाच्या चुका बऱ्याच उतरल्या. हा माझा अनुभव आहे, संशोधन नव्हे, पण करून बघायला काही पैसे पडत नाहीत.

लांबलचक वाक्यांसाठी ‘जो-तो’ वापरा. ‘द नंबर व्हिच व्हेन डिव्हायडेड बाय ७ लीव्ज रिमाइंडर ३’ हे वाक्य पोटात वाक्य घेऊन बसलंय. मुलगा ‘व्हिच व्हेन’पाशीच गुदमरतो. मराठीत त्याचे दोन तुकडे होतात : ज्या संख्येला ७ ने भागल्यावर बाकी ३ उरते, ती संख्या. ‘ज्या’चा तुकडा म्हणजे दिलेली माहिती, ‘ती’चा तुकडा म्हणजे शोधायचं ते. पुढे दहावीच्या भूमितीत पक्ष आणि साध्य वेगळे करतानाही हीच सवय कामाला येईल.

‘अ’ आणि ‘द’चं थोडक्यात सांगते. आपल्याकडे हे दोन्ही शब्द नाहीत, म्हणून मुलं ते वाचतच नाहीत. ‘अ नंबर’ म्हणजे नव्याने ओळख झालेली कुठली तरी एक संख्या. ‘द नंबर’ म्हणजे मघाची तीच. काही मुलं दोन्हींसाठी वेगवेगळी अक्षरं मानून बसतात, मग समीकरण सुटणार कसं? ‘द’ आला की ‘ती, मघाचीच’ असं म्हणायला शिकवा.

आता बसचं गणित. ३ बस, बाकी १०. म्हणजे दहा पोरं एसटी स्टँडवर हात हलवत उभी! भागाकार बिनचूक आहे. ‘ॲट लीस्ट’मध्ये ‘लीस्ट’ ऐकू आलं की मुलांना वाटतं, कमी सांगायचंय. पण आपलं ‘कमीत कमी’ तरी काय वेगळं आहे? त्यातही ‘कमी’ दोनदा येतंच की. तरी ‘कमीत कमी पाचशे रुपये लागतील’ असं तुम्ही म्हणालात, तर तो चारशे घेऊन बाजारात जाणार नाही. ‘कमीत कमी’ त्याला घरात, दुकानात, प्रवासात ऐकून ऐकून कळलंय. ‘ॲट लीस्ट’ त्याने फक्त पेपरात पाहिलंय. म्हणून इथे अर्थ पाठ करून घेऊ नका, ‘ॲट लीस्ट’ दिसलं की ‘कमीत कमी’ आणि ‘ॲट मोस्ट’ दिसलं की ‘जास्तीत जास्त’ असं मोठ्याने म्हणायला लावा. पुढचं त्याचं डोकं आपोआप करेल.

मात्र या गणिताचा सगळा दोष भाषेवर टाकता येणार नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना जवळपास हेच गणित होतं. ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर लिहिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी चक्क ‘३१, बाकी १२’ असं लिहिलं. ती गणितं त्यांच्याच भाषेत होती. भागाकार संपला की गणित संपलं, अशी सवय जगभर लागलेली आहे. त्यासाठी एकच औषध : उत्तर आलं की ते पूर्ण वाक्यात म्हणायचं. ‘तीन बस लागतील आणि दहा मुलं उरतील’ असं मोठ्याने म्हटल्यावर तो स्वतःच हसेल आणि चौथी बस मागवेल.

तिसऱ्या गणिताबद्दल मी सरांशी सहमत नाही. तिथे इंग्रजी नडलेलं नाही असा माझा दाट संशय आहे, आणि तो तुम्ही आज रात्रीच तपासू शकता. त्याला मराठीत विचारा : ‘पहिल्या पेटीत ४८ आंबे आहेत. ते दुसरीपेक्षा १५ ने जास्त आहेत. दुसरीत किती?’ त्याने क्षणभर थांबून ३३ सांगितलं, तर इंग्रजीने फसवलं म्हणायचं. मराठीतही पटकन ६३ म्हणाला, तर भाषेला सोडून द्या. मग दुखणं दुसरंच आहे, आणि ते आम्हा शिक्षकांनीच दिलेलं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात एक यादी कायमची लिहून ठेवलेली असायची : जास्त, एकूण, मिळून म्हणजे बेरीज. कमी, उरले म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी म्हणजे भागाकार. मुलं ती पाठ करायची आणि चौथीपर्यंत पैकीच्या पैकी मार्क आणायची. आज क्लासवाले तीच यादी इंग्रजीत छापून देतात : मोअर म्हणजे प्लस, लेस म्हणजे मायनस. गणित न वाचता सोडवण्याची ही युक्ती आहे. एखादा शब्द हुडकायचा आणि त्याचं चिन्ह लावायचं. तुमच्या लेकाने ‘मोअर’ हुडकला आणि १५ मिळवून मोकळा झाला. पेपर काढणाऱ्याने मुद्दाम असं वाक्य घातलं होतं, आणि त्याने ते बरोबरच केलं. तुमच्या घरात, वहीच्या मागच्या पानावर वगैरे अशी यादी असेल तर ती फाडून टाका. मी माझी यादी पुसायला आठ वर्षं लावली, याची मला अजून लाज वाटते.

तर मग करायचं काय? तुम्ही लिहिलंत की मला मदत करता येत नाही. मला उलट वाटतं. तुमच्याएवढी चांगली मदत त्या क्लासमध्ये कोणी करणार नाही, कारण तुम्हाला उत्तर माहीत नसेल आणि तुम्ही मराठीत विचाराल.

१९७७ साली ऑस्ट्रेलियात ॲन न्यूमन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शाब्दिक गणितं चुकलेल्या मुलांना एकेकटं बसवून पाच गोष्टी विचारल्या. हे वाचून दाखव. यात काय विचारलंय ते सांग. कसं करशील? आता करून दाखव. आणि शेवटी, उत्तर लिही. मूल कोणत्या पायरीवर अडखळतं ते यातून दिसतं. त्यांच्या पाहणीत निम्म्याच्या आसपास चुका प्रत्यक्ष आकडेमोड सुरू होण्याआधीच झालेल्या निघाल्या. वाचण्यात, समजण्यात, किंवा समजलेलं गणितात उतरवण्यात. आपल्या शाळेत मात्र चुकलं की आपण पुन्हा आकडेमोडच घोटून घेतो.

तुम्ही हेच स्वयंपाकघरात करा. भाकऱ्या थापता थापता चालेल. त्याने इंग्रजी गणित मोठ्याने वाचायचं. मग पुस्तक मिटून ते तुम्हाला मराठीत सांगायचं. शब्दाला शब्द लावून नको, गोष्ट सांगतात तसं. तुम्ही मधेच अडवायचं : ‘कशातून? कशापेक्षा? कितीने? कितीवर? आधी काय करून?’ एवढे चार-पाच प्रश्न पुरेत. तुम्हाला गणित यायची गरज नाही, तो गडबडला की तुम्हाला ऐकूनच कळेल. तुम्हाला नीट समजलं, तरच त्याने पेन उचलायचं. रोज दोन गणितं, त्याहून जास्त नकोत. पहिला आठवडा तो कुरकुरेल, कारण ‘मला येतं’ असं त्याला वाटत असतं. दुसऱ्या आठवड्यापासून तो वाचतानाच ‘फ्रॉम’पाशी थांबायला लागतो. तसं झालं की मराठीतून सांगण्याची पायरी हळूहळू सुटली तरी चालेल. सुटू द्या.

अधूनमधून बदल म्हणून एखादं जुनं गणित द्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं गणित तुमच्या लेकाला नक्की झेपेल. हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासाने घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती? उत्तर १५ आहे, ते आधी सांगून टाका. त्याने समीकरण मांडून दाखवायचं. ‘फरकाची तिप्पट’ इथे कंस येतो की नाही, यावर तुमचं भांडण व्हायला हवं. इंग्रजी आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडची पोरं वाक्यातून गणित काढताना डोकं खाजवत आलीयेत.

शब्दांचं फार टेन्शन घेऊ नका, तो सोपा भाग आहे. ‘ऑड’ म्हणजे विषम, ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकार, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे टीव्हीचा आवाज नव्हे तर घनफळ. वहीत मराठी आणि इंग्रजी नावं शेजारी लिहून ठेवली की महिन्याभरात बसतात. उलट, मराठी नावं पाठ असतील तर फायदाच आहे. ‘आयसोसेलीस’ ऐकून काहीच बोध होत नाही, ‘समद्विभुज’ म्हटलं की दोन भुजा समान हे नावातच आलं. ‘राइट अँगल’ ऐकून कितीतरी मुलांनी मला ‘लेफ्ट अँगल’ कुठला असं विचारलंय. ‘काटकोन’ म्हटल्यावर कोणी विचारलेलं नाही.

मराठी म्हणजे सगळं गोमटं असंही समजू नका, तिच्याही खोड्या आहेत. ‘४ पैकी ३’ हे आपण उलटं बोलतो, त्यामुळे अपूर्णांक लिहिताना पोरं वर ४ आणि खाली ३ लिहून मोकळी होतात. इथे इंग्रजीचं ‘थ्री आउट ऑफ फोर’ जास्त सरळ आहे. ‘मूळ संख्या’ आणि ‘वर्गमूळ’ यातली मुळं वेगळी आहेत, तेही सांगावं लागतं. ‘सगळी मुलं आली नाहीत’ म्हणजे एकही आलं नाही की काही राहिली? आपण सुरावरून ओळखतो, पण पेपराला सूर नसतो. ‘ऑल प्राइम नंबर्स आर नॉट ऑड’ असं वाक्य आपली मुलं बिनदिक्कत लिहितात ते यामुळेच. त्यांना म्हणायचं असतं की सगळ्याच मूळ संख्या विषम नसतात, २ आहे ना सम. ‘नॉट’ उचलून ‘ऑल’च्या आधी ठेवायला शिकवा, म्हणजे झालं. आणि वर्तमानपत्रात ‘तिपटीने वाढ’ असं वाचलंत की तिप्पट झाली की चौपट, हा प्रश्न मुलाला जरूर विचारा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. परत मराठी माध्यमात घालावं का? आठवीत नको. पाचवीपासून त्याच्या हातात ‘कोइफिशंट’, ‘फॅक्टर’, ‘पॉलिनॉमिअल’ आलेत, आता सहगुणक, अवयव, बहुपदी नव्याने शिकायचे आणि दोन वर्षांत दहावी. त्याचं गणित पक्कं आहे, मग ही उलटी उडी कशाला? ‘पुढे सगळं इंग्रजीतच आहे’ ही भीती मात्र मिस्टरांनी थोडी कमी करायला हरकत नाही. २०२१ पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. फक्त भाषांतरात काही घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. म्हणजे फिरून ‘फ्रॉम’ आणि ‘दॅन’ वाचता आलेच पाहिजेत, आणि त्यासाठी माध्यम बदलण्याची जरूर नाही.

धाकटीसाठी माझा कौल स्पष्ट मराठीला आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. तिला मराठी अंक थोडे जड जातील हे खरं. एकोणपन्नास म्हणताना तोंडात पन्नास आणि हातात ४९, त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं म्हणण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या. टिंगल खूप झाली, पण लहान पोरांना काय जड जातं हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं असं माझं मत आहे. घरी दोन्ही म्हणा, त्रेसष्टही आणि साठ तीनही. पाढे मात्र रोज म्हणवून घ्या, ते कुठल्याही माध्यमात चालतात.

राहिला ग्रामरचा क्लास. तिथे काळ, प्रयोग, डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवतील. ते वाईट नाही, इंग्रजीच्या पेपरात चार मार्क वाढतील. ‘इज डिव्हायडेड बाय’सारखे कर्मणी प्रयोग ओळखायला थोडी मदतही होईल. पण ज्या दहा-बारा छोट्या शब्दांनी त्याचे गुण खाल्ले त्यांच्यासाठी साडेचार हजार फार झाले. पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर पहिल्याच दिवशी त्या मॅडमना ‘सबट्रॅक्ट ट्वाइस अ नंबर फ्रॉम ४५’ फळ्यावर लिहायला सांगा, आणि त्या हे वाक्य कसं समजावतात ते बघून पुढच्या महिन्याचं ठरवा.